ऐकू आलं की दाबा

१

चपला दाराबाहेर. पिशवी आतल्या स्टुलावर, आणि त्या स्टुलावर दुसरं काहीही ठेवायचं नाही. अंगावरचे कपडे थेट बादलीत, मग डोक्यावरून आंघोळ, मग किल्ली साबणाने धुवायची. एवढं उरकलं की धुतलेला मास्क लावून आईच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत जायचं. उंबरठा ओलांडायचा नाही. नुसतं औषध आणायला कोपऱ्यावर गेलं तरी हा सोहळा व्हायचाच, आणि बाहेर जाऊन येण्यापेक्षा तिला त्याचाच शीण जास्त व्हायचा.

सोहळ्याला कारण होतं. साथ यायच्या आधीच आईला न्यूमोनिया होऊन गेला होता. तेव्हा छातीचे डॉक्टर म्हणाले होते की आता पुन्हा काही झालं तर या फुप्फुसांना झेपणार नाही. हे वाक्य उशाला घेऊनच तिने लॉकडाऊनचे सगळे महिने काढले. घरात मायलेकी दोघीच. धाकटा भाऊ दूरच्या शहरात, तो फोनवरून सल्ले द्यायचा. एका आठवड्यात "पाऊलसुद्धा बाहेर टाकू नकोस", दुसऱ्या आठवड्यात "इतकं घाबरून कसं चालेल गं". मायलेकी त्याला हवामान खातं म्हणायच्या.

आईला ऐकू फार कमी यायचं. तिची लेक कानांच्या दवाखान्यात लोकांची ऐकण्याची तपासणी करायची, आणि आईचं कानातलं मशीन मात्र कपाटाच्या खणात पडून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. "त्यात भांडी फार जोरात पडतात," आई म्हणायची. ओठ बघून तिला सगळं कळायचं, पण मास्क आला आणि ओठच गेले. मग लेकीने आपल्या धंद्यातली युक्ती घरी आणली. आईच्या उशाशी एक रिकामा कप आणि चमचा ठेवला. आपण उंबरठ्यावरून बोलायचं, ऐकू आलं की आईने चमचा कपावर एकदा वाजवायचा. नाही वाजला तर अजून मोठ्याने बोलायचं. दवाखान्यात आवाज कमी कमी करत न्यायचा आणि घरी वाढवत न्यायचा, एवढाच फरक.

जेवणाचं ताट ती उंबरठ्यापाशी छोट्या टेबलावर ठेवून मागे सरायची. मग आई उठायची, सपाता पायात सरकवायची आणि डावा पाय ओढत यायची. फर्र, टप. फर्र, टप. तो आवाज आला की तिला हायसं वाटायचं. आई चालतेय, म्हणजे आजचा दिवस निभावला.

खोलीत खिडकीखाली एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती. सगळं संपलं की त्या खुर्चीत बसून आईशी गप्पा मारायच्या, असं तिने ठरवलं होतं. तोवर खुर्चीवर कोणी बसायचं नव्हतं.

२

दवाखाना पुन्हा उघडणार असल्याचा फोन आला तेव्हा ती कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचा दोष कांद्यावर गेला.

"या तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "लोक ताटकळलेत. सगळी काळजी घेऊ आपण. एका वेळी एकच पेशंट, मध्ये हवा खेळती ठेवायची. आता किती दिवस दार लावून बसणार?"

विचार करते म्हणाली, आणि केलाच तिने विचार. जायचं तर दिवसभर परक्या माणसांच्या श्वासात बसायचं आणि तो श्वास घेऊन घरी यायचं. न जायचं तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार, आणि या वयात नवी नोकरी कोण देतंय. इकडे आड, तिकडे विहीर. हवामान खात्याला फोन लावला तर तिथे अंशतः ढगाळ होतं. "जा म्हणजे, जायला हरकत नाही, पण विषाची परीक्षा कशाला," तो म्हणाला. म्हणजे काय ते त्यालाच माहीत.

शेवटी तिने उंबरठ्यावरून आईलाच विचारलं, तेही दोनदा ओरडून. चमचा वाजला.

"जा तू," आई म्हणाली. "घरात बसून बसून तुझं तोंड वाळलंय. आणि माझ्यापायी सगळं सोडलंस तर उद्या मी गेल्यावर कुणाला पकडशील?"

"असलं बोलू नकोस."

हे आईला ऐकू गेलं नाही. चमचा गप्प राहिला.

३

दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीला सगळे फ्रीज म्हणायचे. जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी ती खोली. भिंती जाड, बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून. दार त्याहून जाड, कडेने रबर लावलेलं. ते उघडताना फ्रीजसारखंच चप्प असा आवाज करायचं. एका भिंतीत दुहेरी काचेची खिडकी. काचेच्या अलीकडे तिचं टेबल, त्यावर मशीन. पलीकडे पेशंट, कानांवर हेडफोन, हातात वायरीचं बटण. ती मशीनवरून बारीक आवाज सोडायची, पेशंटने ऐकू आला की बटण दाबायचं, दाबलं की मशीनवरचा छोटा दिवा लागायचा. मग ती आवाज आणखी कमी करायची, मग आणखी. दिवा लागायचा थांबला की त्या माणसाच्या कानांची हद्द कळली. शेवटी ती माइकवर म्हणायची, "झालं. या आता बाहेर. दार उघडंच आहे." इतकी वर्षं ती हेच म्हणत आली होती. पेशंट तिला बटणबाई म्हणायचे आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पोचली. बाहेरच्या खोलीत कोंदट थंडावा होता, खुर्च्यांवर धूळ, भिंतीवरचं कॅलेंडर लॉकडाऊन लागला त्या महिन्यावरच अडकलेलं. तिने खिडक्या उघडल्या आणि मग फ्रीजचं दार ओढलं.

आतली हवा ऊबदार होती.

इतके महिने बंद असलेली खोली, वीजसुद्धा बंद. आत शिळी, गार हवा असायला हवी होती. ही हवा ओलसर आणि ऊबदार होती, कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणात हात घालावा तशी. तिने पुसायला म्हणून हेडफोन उचलला. त्याच्या गाद्यासुद्धा कोमट होत्या.

ती तशीच उभी राहिली. मग तिने स्वतःची समजूत घातली. सकाळभर मागच्या भिंतीवर ऊन येतं. जाड भिंती ऊब धरून ठेवतात. त्यात इतक्या महिन्यांची धास्ती, ताकही फुंकून प्यायची सवय लागलेली. तिने सगळं स्पिरिटने पुसून काढलं, दार सताड उघडं ठेवून आत पंखा लावला आणि सफाईवाल्या मावशींना विचारलं, "तुम्ही मध्ये कधी उघडली होती का ही खोली?"

"मी कशाला उघडू?" मावशी म्हणाल्या. "मी काय बहिरी आहे?"

४

आठवड्याअखेरीस एक ड्रायव्हर आला. नोकरीसाठी कान ठणठणीत असल्याचा दाखला त्याला हवा होता, आणि कान तर बरेच उतरलेले. असे लोक ती पाहताक्षणी ओळखायची. ऐकू येवो न येवो, अंदाजाने दाबत सुटतात. त्यांना पकडायचा तिचा साधा उपाय होता. मध्येच गप्प बसायचं, काहीच वाजवायचं नाही. मुळात आवाजच नसताना दिवा लागला की चोर सापडला.

दार लावलं, पंखा बंद केला, सूचना दिली. "ऐकू आलं की दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा. अंदाजाने दाबू नका." ड्रायव्हरने मान डोलावली आणि अंदाजाने दाबायला सुरुवात केली. ती गप्प बसली. थोड्या वेळाने दिवा लागला. ती मास्कमध्ये हसली. मग तिने खरंच बारीक आवाज सोडला, या माणसाला कधीच ऐकू येणार नाही इतका.

दिवा लागला.

तिने काचेतून पाहिलं. ड्रायव्हर नाक खाजवत होता. बटण मांडीवर पडलेलं होतं.

तिने पुन्हा तोच आवाज सोडला. दिवा लागला. ड्रायव्हर आता मास्क नीट करत होता, दोन्ही हातांनी.

तपासणी उरकून तिने त्याला बाहेर बोलावलं आणि कान उतरले असल्याचं सांगितलं. तो ओशाळला.

"एकदोनदा दाबलं असेल मी असंच," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. पण बाई, आत जीव घुसमटतो हो. म्हणजे जागा लहान म्हणून नाही. बाकावर शेजारी कुणी चिकटून बसलं की होतं ना, तसं."

"मास्कची सवय नाही अजून," ती म्हणाली.

"असेल," तो म्हणाला आणि दाराकडे पाहत पाहत गेला.

५

बटण बिघडलं असेल. किंवा वायर. मशीन दुरुस्त करणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "दमट हवा हो, ताई. सगळ्यांची मशीन आता अशीच भुताटकी करतायत. बटण बदलून बघा." तिने कपाटातलं नवं बटण लावलं. संध्याकाळी पेशंट संपले, डॉक्टर गेले, बाहेर काउंटरवरची मुलगी पर्स आवरत होती. नवं बटण रिकाम्या खुर्चीवर ठेवून तिने फ्रीजचं दार लावलं आणि आपल्या टेबलाशी येऊन बसली.

पाय दुखत होते. मास्कच्या दोऱ्यांनी कानांच्या मागे सोललं होतं. घरी जाऊन तो सगळा सोहळा करायचा होता, बादली, आंघोळ, किल्ली. एकदा खात्री करू आणि निघू, असं म्हणून तिने मोठा आवाज सोडला.

दिवा लागला.

ती गप्प बसली. मुद्दाम बराच वेळ बसली. दिवा लागला नाही. बिघाड असता तर केव्हाही लागला असता. तिने आवाज सोडला. लागला. ती थांबली, तोही थांबला. आवाज कमी केला, लागला. आणखी कमी, लागला. काउंटरवरच्या मुलीचे कान तरुण होते, तिलासुद्धा ऐकू आला नसता त्याच्याही खाली ती गेली. शेवटी मशीनचं बटण आणखी फिरेना. तिथेही दिवा शांतपणे लागला आणि विझला.

आत कोण आहे, असा विचार तिच्या मनात आला नाही. तिचं मन फार दमलेलं होतं आणि दमलेलं मन आधी कामाचंच बघतं. तिला वाटलं, इतके चांगले कान मी आजवर पाहिले नाहीत. आणि मग ती घाबरली.

"ताई, येताय ना?" मुलीने बाहेरून विचारलं.

"आले, आले," ती म्हणाली आणि मशीन बंद केलं.

६

दुसऱ्या दिवशी तिने मुलीला गमतीत सांगितल्यासारखं सांगितलं. मुलगी हसली. "ताई, तुम्हाला सुट्टी हवीय." सुट्टीतूनच तर आले, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

त्या संध्याकाळी तिने बटणच काढून घेतलं. वायरीसकट बाहेर आणून आपल्यासमोर टेबलावर ठेवलं. आता आत काहीच नव्हतं, खुर्ची आणि चार भिंती. दार लावलं. आवाज सोडला. दिवा लागला नाही.

तिने सुस्कारा सोडला. बटणच होतं तर. उगाच आपण रात्रीची झोप घालवली. आणखी एकदा, शेवटचं म्हणून तिने सगळ्यात बारीक आवाज सोडला.

आतून काचेवर नख वाजलं. टक. एकदाच.

तिने मान वर केली. खुर्ची रिकामी होती. काचेवर मात्र, बसलेल्या माणसाचं तोंड येईल बरोबर तेवढ्या उंचीवर, वाफेचा ठिपका धरला होता. वाटीएवढा. तो तिच्यादेखत आक्रसला, नाहीसा झाला. आणि पुन्हा धरला.

इतके महिने ज्याची धास्ती घेतली ते हेच होतं, कुणाचा तरी श्वास. आता तो काचेवर दिसत होता आणि त्याच्यामागे कुणी नव्हतं.

उठायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, निदान मुलीला हाक मारायला हवी होती. तिने यातलं काही केलं नाही. हात हाताच्या वाटेने गेला. वर्षानुवर्षं तपासणी संपली की तो जिथे जायचा तिथे, माइकच्या बटणावर गेला, आणि तोंडातून तेच आलं जे नेहमी यायचं. थकलेल्या, समजूतदार आवाजात ती म्हणाली,

"झालं. या आता बाहेर. दार उघडंच आहे."

वाफेचा ठिपका विरला. फ्रीजचं दार चप्प झालं आणि बोटभर उघडलं.

बाहेर काहीच आलं नाही. निदान डोळ्यांना दिसेल असं काही नाही. फक्त तिच्या डाव्या खांद्याशी हवा किंचित ऊबदार झाली, शेजारी कुणी बसल्यावर होते तेवढीच.

७

हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात, असं ती रस्त्याने जाताना स्वतःला सांगत होती. दाराच्या मुठी पुसल्या, नाणी धुतली, माणसांपासून हातभर लांब उभी राहिले, आणि जे आत कोंडलेलं होतं त्याला तोंडाने या म्हटलं. कोण म्हणतं असं रिकाम्या खोलीला? तिच्याशिवाय कुणी म्हटलंच नसतं. दुसरा माणूस पळून गेला असता.

घरी जावं का? हा प्रश्न तिने बराच वेळ तोलला. रस्त्यात दोनदा वळली, एकदा वाण्याच्या दुकानासमोर नुसतीच उभी राहिली. बहिणीसारखी मैत्रीण होती, तिच्याकडे राहता आलं असतं. पण मग आईला ताट कोण देणार, औषध कोण देणार? आणि काय सांगणार, की माझ्यामागे काहीतरी येतंय? खांदा तर आता गार होता. मागे वळून पाहिलं तर चार माणसं, मास्क लावलेली, आपापल्या घाईत. मनाचे खेळ. झोप नाही, जेवण धड नाही, त्यात ही रोजची तोलमोल, हे केलं तर काय, ते केलं तर काय. माणूस भ्रमिष्ट होईल नाहीतर काय.

तिने घरी जायचं ठरवलं. मात्र सोहळा दुप्पट केला. चपला जिन्यातच काढल्या. कपडे बादलीत टाकून वर कढत पाणी ओतलं. आंघोळ केली, थांबली, पुन्हा केली. अंग चोळून चोळून लाल झालं. एवढ्याने काय जाणार होतं ते तिलाही माहीत नव्हतं, पण दुसरं करण्यासारखं तिच्या हातात काही नव्हतं.

नळ बंद केला तेव्हा तिला आईच्या खोलीतून आवाज ऐकू आला.

टिंग.

आई बोलावतेय, तिला वाटलं. पण आई बोलावण्यासाठी चमचा कधीच वाजवायची नाही. कुणी काही म्हटलं आणि ते ऐकू आलं, की वाजवायची.

थोडा वेळ गेला. टिंग.

८

ती उंबरठ्यावर जाऊन उभी राहिली. केस ओले, मास्क लावायचा राहून गेलेला. संध्याकाळचा उजेड अजून खिडकीत होता. आई उशीला टेकून बसली होती, मांडीवर कप, हातात चमचा. चेहरा इतका खुललेला तिने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"अगं, माझे कान उघडले," आई म्हणाली. "आधी मोठा आवाज होता. मग बारीक होत गेला. आता तर इतका बारीक येतोय, पण येतोय." तिने थांबून कान दिला. टिंग. "बघ. तूच म्हणालीस ना मघाशी दारातून, ऐकू आलं की वाजव म्हणून?"

ती काही म्हणाली नव्हती. मघाशी ती नळाखाली होती.

आणि मग तिने खुर्ची पाहिली. खिडकीखाली भिंतीला टेकवलेली तिची खुर्ची आता आईच्या पलंगाला लागून होती, अगदी उशीजवळ. तिच्यावर कुणी नव्हतं. खुर्चीशेजारच्या खिडकीच्या काचेवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, वाफेचा ठिपका धरत होता, विरत होता, धरत होता.

टिंग. या खेपेला चमचा उचलायला आईला वेळ लागला. तिचा श्वासही दोन वाजवण्यांच्या मधल्या जागेत लहान झाला होता.

तिला सगळं एकदम कळलं, कारण हे काम तिचंच होतं. तपासणी चालली होती. आवाज एकेक पायरी खाली जात होता, आणि आईचा चमचा थांबला की हद्द कळणार होती. हद्द कळली की शेवटचं वाक्य येणार होतं. ते वाक्य कुठलं, तेही तिला पाठ होतं.

तिने उंबरठा ओलांडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आईच्या दुसऱ्या बाजूला पलंगावर बसली, तिचा एक हात आपल्या हातात घेतला. हात हलका आणि गार होता.

"आता नाही ऐकू येत गं," आई म्हणाली. "संपलं वाटतं."

"नाही संपलं," ती आईच्या कानाशी म्हणाली. तिने आईच्या दुसऱ्या हातातला चमचा काढून घेतला आणि कपावर वाजवला. टिंग.

तिला काहीही ऐकू आलं नव्हतं. तिने काचेकडे पाहिलं. वाफ धरली, विरली. तिने वाजवला. पुन्हा धरली, पुन्हा वाजवला. जमतंय, तिला वाटलं. असंच वाजवत राहायचं. रात्रभर वाजवीन, उद्या कामाला जाणार नाही, परवाही नाही. आयुष्यभर अंदाजाने दाबणाऱ्यांना पकडलं, आता आपणच दाबत बसू.

"किती दिवसांनी जवळ बसलीस," आई म्हणाली आणि तिने लेकीच्या खांद्यावर डोकं टेकलं. तेवढ्या एका क्षणी तिला खूप बरं वाटलं. इतका शीण साचला होता की तो सगळा डोळ्यांतून येईल असं वाटलं. ओल्या केसांत आईचा श्वास लागत होता. तिचे डोळे मिटायला लागले. चमचा हातात होता, हात सवयीने चालत होता. टिंग.

तिने दचकून डोळे उघडले. काच स्वच्छ होती.

कधीपासून स्वच्छ होती? पलीकडून बराच वेळ काहीच आलं नव्हतं. पलीकडचं ते मुद्दाम गप्प बसलं होतं, आणि ती मात्र वाजवत राहिली होती.

"आई," ती म्हणाली. "आई, झोपू नकोस."

उंबरठ्यापासून आवाज आला. जिथे उभी राहून ती रोज बोलायची, बरोबर तिथून. थकलेला, समजूतदार, तिचा स्वतःचाच आवाज.

"झालं. या आता बाहेर. दार उघडंच आहे."

"आले हं," आई म्हणाली. ज्या बाईला लेकीचं ओरडणं ऐकू जात नसे, तिने हे पहिल्याच हाकेला ऐकलं.

तिने आईचा हात घट्ट धरला, दोन्ही हातांनी धरला. आईचं डोकं तिच्या खांद्यावरच होतं, हात तिच्या हातातच होता. पलंगाखालच्या सपाता सरकल्या, आणि फर्र, टप, फर्र, टप असा आवाज पलंगापासून दाराकडे निघाला.